सगळ्यांचेच दात का पडले नाहीत?

'कारण' आणि 'जोखीम घटक' हे दोन शब्द आपण सिनॉप्सिसमध्ये सर्रास एकमेकांच्या जागी टाकतो. ते का चालत नाही हे बघायचं असेल तर हिरड्यांच्या आजारावरचे दोन जुने अभ्यास लागोपाठ वाचा. दोन्हींत हॅराल्ड लो हे नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञ आहेत.

पहिला १९६५ चा, डेन्मार्कमधल्या ऑर्हुसचा. माणसं फक्त १२, त्यातले बहुतेक दंतवैद्यकीचे विद्यार्थी. हिरड्या निरोगी. त्यांनी दात घासणं बंद केलं आणि १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सूज उतरली. वेगळा कंट्रोल ग्रुप नाही, पण प्रत्येक जण स्वतःचाच कंट्रोल. दातांवरच्या जिवाणूंच्या थराने, म्हणजे प्लाकने, हिरडी सुजते हे इथे पक्कं झालं.

आता उडी मारायचा मोह होतो. हिरडी सुजली की खालचं हाड झिजणार, हाड झिजलं की दात पडणार. म्हणजे जो घासत नाही तो बोळका होणार. पटतं ना? पण तीन आठवड्यांत कुणाचा दात पडत नाही. ते बघायला वर्षं लागतात, आणि दात न घासणारी माणसं लागतात.

ती श्रीलंकेच्या चहामळ्यांत मिळाली. १९७० मध्ये ४८० पुरुष मजुरांची तपासणी सुरू झाली. ब्रश नाही, दातांचा दवाखाना नाही; प्लाक आणि कीटण भरपूर. दातांना कीड मात्र जवळपास नाहीच, त्यामुळे पडलेला प्रत्येक दात हिरड्यांच्या आजाराच्या खात्यात टाकता आला. (आपल्याकडे हा हिशेब लावून बघा, घाम फुटेल.)

निकाल १९८६ मध्ये छापून आला. सुमारे ८ टक्के लोकांचे पस्तिशीपर्यंत सरासरी १२ दात गेले होते, पंचेचाळिशीला एकही उरला नाही. सुमारे ८१ टक्क्यांचे दात तिशीनंतर पडायला लागले, पंचेचाळिशीपर्यंत सरासरी ७. आणि ११ टक्के? हिरड्या सुजलेल्या, पण दात जागच्या जागी!

घाण सगळ्यांच्या तोंडात होती, शेवट मात्र तीन वेगवेगळे. प्लाक लागतोच, पण तेवढा पुरत नाही. मग तंबाखू, मधुमेह, आनुवंशिकता यांचा विचार करावा लागतो. २०१० मध्ये यातल्या ७५ जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा आजार सुरू होण्याशी धूम्रपान आणि कीटण यांचा संबंध दिसला.

पेपर वाचताना आणखी एक आकडा शोधा: १९८५ च्या शेवटच्या तपासणीत सुरुवातीच्या ४८० पैकी १६१ जणच होते. बाकीच्यांचे दात यांच्यासारखेच होते का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि शीर्षकातला 'नैसर्गिक इतिहास' हा शब्द मला टोचतो. ऑर्हुसच्या विद्यार्थ्यांच्या हातात तीन आठवड्यांत ब्रश परत आला. मळ्यातल्या आलेखाची रेघ उपचार न मिळालेल्या माणसांच्या तोंडातून गेली आहे.

तुम्ही असाच सर्वे महाराष्ट्रात करणार असाल तर प्रश्नावली आधी तपासा. 'धूम्रपान करता का?' एवढंच विचारलंत, तर रोज सकाळी हिरड्यांना मिश्री लावणारी बाई 'नाही' म्हणेल, आणि तुमच्या तक्त्यात ती तंबाखू न वापरणाऱ्यांत जाऊन बसेल.