कोल्हापूर परिसरातील शॉर्टवेव्ह श्रवणाचा इतिहास

साधारण ३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील रेडिओलहरींना शॉर्टवेव्ह किंवा लघुलहरी म्हणतात. मध्यमलहरी दिवसा जमिनीलगत पसरतात आणि अंतर वाढेल तशा क्षीण होतात. लघुलहरी मात्र वातावरणातील आयनांबराच्या थरावरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात, त्यामुळे हजारो किलोमीटरवरचे केंद्रही ऐकू येते. कोल्हापूर शहर, त्याच्या दक्षिणेला गारगोटी रस्त्यावर असलेले कळंबा आणि भोवतालची गावे यांना हा गुण फार उपयोगी पडला. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मुंबई त्याहून लांब. सुरुवातीला जवळ मराठी केंद्र नव्हते. या भागात रेडिओ घेणे म्हणजे दूरचे ऐकण्याची सोय करणे होते. दूरचे केंद्र शोधण्याचा छंद या गरजेतूनच वाढला.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती, त्यामुळे आवाज मुंबईच्या आसपासच पोहोचत असे. रेडिओ बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागे आणि त्याची वार्षिक फी दहा रुपये होती. १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. पुढच्या दोन वर्षांत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे शॉर्टवेव्ह प्रक्षेपक बसवण्यात आले, तेव्हा कुठे कोल्हापूरसारख्या संस्थानी मुलखातील श्रोता या प्रक्षेपणाच्या टप्प्यात आला.

दुसऱ्या महायुद्धात शॉर्टवेव्हचे महत्त्व एकदम वाढले. लंडनचे वृत्त एका बाजूला, बर्लिनचे दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती. १९४२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांची भाषणे बर्लिनहून प्रक्षेपित होऊ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालू केला आणि नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडेपर्यंत तो टिकवला. लंडनच्या बीबीसीवरून या काळात मराठी कार्यक्रमही होत. मूळच्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे तेथे निवेदक होत्या आणि पूर्वेकडील विभागात जॉर्ज ऑर्वेल यांच्यासोबत काम करत होत्या. कोल्हापूरकडच्या बाईचा आवाज सातासमुद्रापलीकडून मायदेशी यावा, ही शॉर्टवेव्हचीच किमया होती.

कोल्हापूरच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या जंगलातूनही एक शॉर्टवेव्ह केंद्र बोलत होते. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त केंद्र चालवले. आंबोली, मग कॅसलरॉक अशी ठिकाणे बदलत हे केंद्र कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून बातम्या देत राहिले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत बंद पडले नाही.

स्वातंत्र्यानंतर घरोघरी रेडिओची ओढ लावली ती सिनेसंगीताने. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फीत कोलंबोला जाई आणि तेथून शॉर्टवेव्हने परत भारतात येई. बुधवारी रात्री आठला रेडिओभोवती घरचे आणि शेजारचे जमत. केंद्र मध्येच बुडे, खरखर वाढे, सुई किंचित सरकवली की पुन्हा सापडे. आकाशवाणीने उत्तरादाखल ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ आणली, तीही आधी मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरूनच.

या काळातला व्हॉल्व्हचा रेडिओ ही घरातली मोठी खरेदी असे. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, काचेच्या पट्टीवर छापलेले मीटरबँड आणि गावांची नावे असे त्याचे रूप होते. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. चांगल्या सेटमध्ये ‘मॅजिक आय’ नावाचा हिरवा डोळा असे. केंद्र नीट लागले की त्यातली सावली आक्रसत जाई. तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी एरियल म्हणून खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणत, आणि अर्थिंगची तार ओल्या जमिनीत पुरत. सरावलेल्या श्रोत्याला ठाऊक असे की दिवसा १९ आणि १६ मीटर चालतात, रात्री ४९, ४१ आणि ३१ मीटरवर गर्दी होते. परवान्याचे पुस्तक दरवर्षी पोस्टात नेऊन नूतन करावे लागे. पुढे १९८० च्या दशकात रेडिओचा परवाना रद्द झाला.

ग्रामीण भागात रेडिओ प्रथम सार्वजनिक वस्तू म्हणून पोहोचला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग केला. त्यात पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे होती. मंडळी जमून कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. पुढे १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झाले आणि कोल्हापूरकरांना जवळचे मध्यमलहरी केंद्र मिळाले. त्याच दशकात सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले आणि रेडिओ दिवाणखान्यातून शेताच्या बांधावर गेला. बातम्या, गाणी आणि शेतीची माहिती जवळून मिळू लागल्यावर शॉर्टवेव्हची गरज कमी झाली. उरला तो शुद्ध छंद.

या छंदाला श्रोत्यांच्या भाषेत डीएक्सिंग म्हणतात. श्रोता केंद्राचे नाव, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि ऐकू आलेला मजकूर टिपतो, आवाजाचा दर्जा सिन्पो या पाच आकड्यांच्या पद्धतीत लिहितो आणि अहवाल केंद्राकडे पाठवतो. अहवाल खरा ठरला तर केंद्र पोच म्हणून क्यूएसएल कार्ड धाडते. बीबीसी, रेडिओ मॉस्को, डॉइचे वेले, रेडिओ जपान यांसारख्या केंद्रांची कार्डे, वेळापत्रके आणि दिनदर्शिका टपालाने येत, आणि संग्रह करणाऱ्याला त्यांतून जगाचा नकाशाच हाती येई. सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राबरोबर आयनांबर बदलते, म्हणून एखादे केंद्र काही वर्षे उत्तम लागते आणि मग हरवते. या अनिश्चिततेमुळे शोधाची गोडी टिकून राहते.

एफएम, उपग्रह वाहिन्या आणि इंटरनेट यांच्या प्रसारामुळे मोठ्या केंद्रांनी शॉर्टवेव्ह सेवा आवरत्या घेतल्या. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. तरीही चीन, रुमानिया, क्युबा अशा देशांची केंद्रे चालू आहेत, आणि हौशी रेडिओ चालवणारी हॅम मंडळी आपापल्या पट्ट्यांत बोलतात. अंकी पडद्यावर फ्रिक्वेन्सी दाखवणारे छोटे संच आणि संगणकाला जोडायचे एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारे रेडिओ आता सहज मिळतात, त्यामुळे हा छंद नव्याने घेणाऱ्यांची सोय झाली आहे. अशा संचाला आजही सर्वांत जास्त फायदा होतो तो बाहेर टांगलेल्या लांब तारेचा. एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा विद्युत गोंगाट ही शहरी श्रोत्याची मुख्य अडचण आहे. कळंबा तलावासारख्या, वस्तीपासून दूर मोकळ्या जागी बॅटरीवर चालणारा संच नेल्यास तो गोंगाट टळतो आणि मंद केंद्रेही हाती लागतात.