‘एसएलआय’: एक संज्ञा आणि दोन कार्यपद्धती

एकाच संगणकात दोन वा अधिक ग्राफिक्स कार्डे बसवून खेळांतील चित्रे अधिक वेगाने रेखाटण्याचा जो उद्योग १९९८ पासून सुमारे बावीस वर्षे चालला, त्याचा इतिहास बहुधा ‘एसएलआय’ या एका नावाखाली सांगितला जातो. थ्रीडीएफएक्स या कंपनीने त्याचा आरंभ केला, एनव्हिडियाने तो पुढे चालविला आणि ग्राहकांच्या उदासीनतेमुळे तो मावळला, अशी ही सरळ परंपरा मानली जाते. ही मांडणी सर्वस्वी नावाच्या सातत्यावर विसंबलेली आहे. परंतु शब्द टिकून अर्थ पालटल्याची उदाहरणे भाषेत पावलोपावली आढळतात, आणि प्रस्तुत संज्ञेच्या बाबतीतही नेमके तेच घडले आहे.

१९९८ साली थ्रीडीएफएक्सने ‘व्हूडू २’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हा या तीन अक्षरांचा विस्तार ‘स्कॅन-लाइन इंटरलीव्ह’ असा होता. म्हणजे पडद्यावरील आडव्या ओळींची एकाआड एक गुंफण. दोन कार्डे संगणकाच्या आत एका चपट्या केबलने जोडावयाची. एकाने सम ओळी रेखाटावयाच्या, दुसऱ्याने विषम. एकटे कार्ड त्रिमितीय चित्र ८०० × ६०० बिंदूंपर्यंत काढू शके. जोडीला १०२४ × ७६८ ची मर्यादा गाठता येई, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास ३८४ ओळी येत. व्हूडू २ ला साधे द्विमितीय चित्र काढता येत नसल्यामुळे त्यासाठी तिसरे कार्ड लागे, हा खर्च वेगळाच.

ही वाटणी इतकी सुटसुटीत का ठरली, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला दिसत नाही. त्या काळी दृश्यातील त्रिकोणांच्या शिरोबिंदूंची स्थाने निश्चित करण्याचे गणित संगणकाचा मुख्य प्रोसेसर करीत असे. कार्डाकडे उरे ते मुख्यतः त्या त्रिकोणांत रंग व पोत भरण्याचे काम, आणि हे काम बिंदूगणिक जवळजवळ स्वतंत्र असते. शेजारच्या ओळीत काय चालले आहे याची वास्तपुस्त करण्याची गरज कोणत्याही ओळीस नव्हती. पोतांच्या प्रती मात्र दोन्ही कार्डांत ठेवाव्या लागत. म्हणून पोतांसाठीची स्मृती दुप्पट झाली असा जो समज होता, तो चुकीचा होता.

हा पायाच पुढे खचला. १९९९ मधील ‘जीफोर्स २५६’ पासून शिरोबिंदूंचे गणित कार्डावर येऊ लागले. ओळी वाटल्या तरी हे गणित प्रत्येक कार्डास संपूर्णच करावे लागणार. तेथे वाटणीचा लाभ नाही. याच सुमारास रूढ झालेल्या एजीपी जोडणीत संगणकास एकच खाच असे. त्यामुळे दोन कार्डांऐवजी एका कार्डावर दोन चिप्स बसविण्याकडे कल वळला. थ्रीडीएफएक्सच्या २००० सालच्या ‘व्हूडू ५ ५५००’ ने ओळींची पद्धत राखली. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीची मालमत्ता विकत घेत असल्याचे एनव्हिडियाने जाहीर केले. वस्तुतः भविष्याची खूण दुसरीकडेच उमटली होती. एटीआयच्या १९९९ मधील ‘रेज फ्यूरी मॅक्स’ वरील दोन चिप्स ओळी वाटून न घेता अख्ख्या चौकटीच आळीपाळीने रेखाटीत असत.

पीसीआय एक्स्प्रेस जोडणी आल्यावर दोन खाचा पुन्हा शक्य झाल्या आणि २००४ साली एनव्हिडियाने ‘एसएलआय’ हे नाव ‘जीफोर्स ६’ मालिकेसाठी पुनरुज्जीवित केले. अक्षरे तीच, विस्तार मात्र ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’. ‘ओळ’ हा शब्द नावातून गळाला, तो यदृच्छेने नव्हे. पडद्याचे वरचा व खालचा असे भाग पाडण्याची सोय या पद्धतीत होती; पण व्यवहारात बाजी मारली ती आळीपाळीच्या चौकटींनी. २००५ मध्ये आलेल्या एटीआयच्या ‘क्रॉसफायर’ मध्येही पडद्याचे चौकोनी तुकडे वाटण्याची योजना होती, परंतु तिचीही गती अखेरीस तीच झाली. पूर्वी वाटले जात होते ते अवकाश; आता वाटला जाऊ लागला तो काळ.

काळाच्या वाटणीत दोन दोष अंगभूत होते. एका कार्डास एक चौकट काढण्यास ३३ मिलिसेकंद लागत असतील, तर दोन कार्डे मिळून सरासरी १६.५ मिलिसेकंदांनी एक चौकट देतील; तथापि प्रत्येक चौकट तयार होण्यास ३३ मिलिसेकंद लागतातच. खेळणाऱ्याच्या हाताला मिळणारा प्रतिसाद त्यामुळे त्वरित होत नाही. दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. चौकटी ८ आणि २५ मिलिसेकंद अशा विषम अंतरांनी आल्या, तरी सेकंदाची सरासरी साठच भरते. डोळ्यास मात्र अडखळ जाणवते. सेकंदागणिक चौकटी मोजण्याच्या प्रघातात ही अडखळ वर्षानुवर्षे झाकली गेली. २०११ मध्ये ‘टेक रिपोर्ट’ ने प्रत्येक चौकटीचा काळ वेगळा मोजण्याचा आग्रह धरला आणि २०१३ मध्ये एएमडीला चौकटींचे अंतर सम राखणारा ड्रायव्हर काढावा लागला. मापनाची पद्धत बदलली तेव्हाच दोष दिसला.

तरीही खरा आघात खेळांच्या रचनेतून झाला. मागील चौकटीतील माहिती पुढील चौकटीत वापरून कडा मृदू करण्याचे तंत्र २०१० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरले. मागची चौकट दुसऱ्या कार्डात असेल, तर ती आधी इकडे आणावयास हवी. मग आळीपाळीचा लाभ उरतो किती? २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने वाटपाची जबाबदारी खेळ रचणाऱ्यांकडे सोपविली. ती उचलणारे थोडेच निघाले. तेव्हा ग्राहकांची उदासीनता हे कारण खोटे नसले, तरी ते आधीच्या कारणांचे कार्य होय.

२०२० मधील ‘जीफोर्स ३०’ मालिकेत जोडणीची सोय केवळ ‘आरटीएक्स ३०९०’ या कार्डास राहिली, आणि १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयसाठी खेळागणिक नव्या योजना देणे थांबविले. २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ वर ती खाचही नव्हती.