बीदरचा मदरसा आणि मुक्त ज्ञानसाधने

बहमनी राज्याचे वजीर महमूद गावान यांनी १४७२ च्या सुमारास बीदर येथे उभारलेला तिमजली मदरसा हा दख्खनच्या विद्याव्यवहारातील एक मानाचा टप्पा होय. अध्यापकांचे व विद्यार्थ्यांचे निवास, व्याख्यानगृहे, मशीद आणि ग्रंथालय एकाच चौकाभोवती नांदत होते. ग्रंथसंग्रहात सुमारे ३,००० हस्तलिखिते होती, असे सांगितले जाते. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे गावानांना देहदंड झाला. १६५७ मध्ये बीदर मोगलांकडे गेले आणि १६९६ मध्ये तेथे साठविलेल्या दारूच्या स्फोटाने वास्तूचा मोठा भाग, एका मिनारासह, कोसळला. आज रंगीत फरशांच्या भिंती दिसतात. तो ग्रंथसंग्रह मात्र तेथे नाही.

पुढे हाच प्रदेश निजामी राजवटीत असताना दुसरा प्रयोग झाला. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. विज्ञान, कायदा, वैद्यक यांची पाठ्यपुस्तके उर्दूत सिद्ध झाली. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र ती भाषा येथील बहुसंख्य मराठी, कानडी व तेलुगू भाषकांची नव्हती. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि एवढ्या परिश्रमाची पुस्तके वर्गाबाहेर पडली. १९५६ च्या पुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले; जुन्या जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले.

या दोन्ही घटनांचा बोध एकच आहे. ग्रंथ निर्माण करणे हे एका पिढीचे काम. त्याची प्रत करणे, दुरुस्ती करणे, वाचकाच्या भाषेत आणणे हे प्रत्येक पिढीचे.

युनेस्कोच्या २००२ मधील सभेत ‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा रूढ झाली आणि २०१९ मध्ये त्या संस्थेने याविषयी शिफारसपत्रच स्वीकारले. मोफत वाचता येणे म्हणजे मुक्त असणे नव्हे, हे येथे ध्यानी घ्यावे. ज्या साहित्याची प्रत काढण्याची, भाषांतराची व फेरफाराची परवानगी लेखकाने परवान्यानेच दिलेली असते, ते मुक्त. अशा साधनाचा लाभ महाविद्यालयीन अध्यापकास मोठा: धडा आपल्या विद्यार्थ्यांसाठी बदलता येतो, स्थानिक उदाहरण घालता येते. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यास, ज्याच्या भाषेतील उच्च शिक्षणाची पुस्तके दुर्मीळ असतात, ही सवलत विशेष मोलाची.

परंतु स्वीकार एकदा होतो, जोपासना मात्र नित्य करावी लागते. अभ्यासक्रम बदलतो, दुवे तुटतात, चुका राहतात. कोणत्या आवृत्तीत कोणी काय बदलले, याची नोंद हवी. सुधारित पाठ पुन्हा सर्वांस खुला करावा. एक प्रत महाविद्यालयात, एक ग्रंथालयात ठेवावी. एकाच ठिकाणी साठविलेले ज्ञान एका स्फोटाने जाते, हे बीदरखेरीज अन्य कोणत्या गावाने अधिक शिकवावे?

शंभर वर्षे पुस्तके नोंदवून, बांधून, सांभाळून वाचकाच्या हाती देणाऱ्या ग्रंथालयास हे काम परके नाही. नव्या साधनांची राखण हीही त्याच परंपरेची पुढची पायरी ठरो.