ध्रुवाची उंची: सुरतेच्या मालमांची पाटी आणि पितळी सेक्स्टंट

जुन्या वस्तूंच्या दुकानात पितळी सेक्स्टंट दिसला की आपण थबकतो. अंश कोरलेली कमान, दोन आरसे, लहानशी दुर्बीण आणि लंडनच्या एखाद्या कारखान्याचे नाव. तो पाहताना मनात एक समजूत असते, की समुद्रावर कोन मोजण्याची विद्या पश्चिमेने आणली आणि तोवर आपले खलाशी किनारा धरून चालत. पलसाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपण मराठी मंडळींनी ही समजूत तपासून पाहावी. तिच्याविरुद्धचा पुरावा याच किनाऱ्याचा आहे.

मूळ कल्पना सोपी आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळजवळ तितकेच त्या जागेचे अक्षांश असतात. पलसाणे सुमारे २१ अंशांवर आहे. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे आपल्या गच्चीवरून ध्रुव दोन मुठींवर दिसतो, आणि एडनला सव्वा मुठीवर. परतणाऱ्या जहाजावर तो रोज थोडा वर चढतो. तो सुरतेच्या उंचीला आला, की त्याच अक्षांशावर राहून पूर्वेला चालले तर आपला किनारा येतो.

ही मूठ अधिक नेमकी करण्याचे साधन म्हणजे लाकडी पाटी. अरब तिला कमाल म्हणत. पाटीच्या मध्यातून दोरी काढलेली, दोरीला गाठी. ठरावीक गाठ दातांत धरायची, दोरी ताणायची, पाटीची खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला तारा टेकतो का ते पाहायचे. एकेका बंदरासाठी एकेक गाठ बांधता येई.

१४९८ मध्ये वास्को द गामा मालिंदीला पोहोचला. तिथे त्याला भेटलेल्या गुजराती मालमाची, म्हणजे जहाजाच्या वाटाड्याची, हकीकत पोर्तुगीज इतिहासकार बारोस याने १५५२ मध्ये छापली. गामाने त्याला लाकडी आणि धातूची यंत्रे दाखवली. मालमाला त्यांचे नवल वाटले नाही. तांबड्या समुद्रातले काही वाटाडे पितळी यंत्रे वापरतात, पण खंबायतचे आणि हिंदुस्थानचे खलाशी दुसरे साधन वापरतात, असे सांगून त्याने आपल्या तीन पाट्या दाखवल्या. म्हणजे पितळ त्याला ठाऊक होते, तरी त्याच्या हाती लाकूड होते.

असे का? आम्हा होमिओपॅथिक डॉक्टरांना औषध रोगी पाहून द्यावे लागते, तसे साधन समुद्र पाहून ठरते. अरबी समुद्रात ध्रुव क्षितिजाजवळ असतो, तेवढा कोन पाटीत मावतो. लिस्बनला तोच तारा ३९ अंशांवर जातो, तिथे पाटी अपुरी पडते. जमिनीवर मात्र पितळी यंत्राची विद्या इथे होतीच. भृगुपूरच्या, म्हणजे भरूचच्या, मदन सूरींचे शिष्य असलेल्या महेंद्र सूरी या जैन मुनींनी १३७० मध्ये ‘यंत्रराज’ लिहिला. अॅस्ट्रोलेबवरचा तो पहिला संस्कृत ग्रंथ. पण कडीला टांगलेले ते यंत्र हलत्या जहाजावर झोके घेते.

ही अडचण १७३१ मध्ये इंग्लंडच्या जॉन हॅडली याच्या ऑक्टंटने सोडवली. दोन आरशांच्या साहाय्याने ताऱ्याचे प्रतिबिंब खाली आणून क्षितिजाला टेकवायचे. जहाज हलले तरी दोन्ही एकत्र हलतात, त्यामुळे कोन बिघडत नाही. आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश वळतो, म्हणून ४५ अंशांच्या कमानीवर ९० अंश मोजता येतात. १७५७ च्या सुमारास जॉन बर्डने कमान ६० अंशांची केली. वर्तुळाचा सहावा हिस्सा, म्हणून सेक्स्टंट.

आपण मागे पडलो ते इथे. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले. त्यांच्या घराण्याने १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही पाण्यावर आहे. उत्तम जहाज आपण बांधत होतो, पण त्यावरचा सेक्स्टंट विलायतेहून येई. पितळ ओतणारे कारागीर इथेही होते. मात्र कमानीवर अंश अचूक आखणारे यंत्र लंडनच्या जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात केले. माझ्या मते खरी उणीव याहून जुनी आहे. ‘यंत्रराज’ वाचणारा पंडित आणि गाठी मोजणारा मालम यांची बैठक एक नव्हती. एकाची विद्या संस्कृतात राहिली, दुसऱ्याची दोरीत.

तरी ती सगळी दोरीतच राहिली असे नाही. १६६४ हे साल आपल्याला शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीमुळे पाठ असते. त्याच सालची एक ‘मालमनी पोथी’ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

दुकानातल्या त्या सेक्स्टंटबद्दलही एक सांगतो. असे बरेच ‘पुराणे’ नग हल्ली रुरकीच्या कारखान्यांत तयार होतात. अंशांच्या रेघा जाड आणि असमान असतील, आरसे नुसते चिकटवलेले असतील, तर ते शोभेचेच समजा. दिवाणखान्यात ठेवायला हरकत नाही. पण माळ्यावर गुजराती किंवा मोडी लिपीतले जुने बाड असेल, तर रद्दीत घालण्याआधी ते जाणकाराला दाखवा. त्यात कुणा मालमाची बंदरे आणि ताऱ्यांची मापे असू शकतात, आणि ती दुसरीकडे कुठेच नसतील.