अवरक्त उष्माचित्र आणि पोथीशाळेचें रक्षण

वाशीम जिल्ह्यांतील इंझोरी व तिच्या भोंवतालचा मुलूख लेखसाधनांनीं दरिद्री नाहीं. याच जिल्ह्यांतील कारंजे येथील जैन भांडारांतल्या पोथ्या रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींत नोंदल्या गेल्या, आणि हिरालाल जैन यांनीं संपादिलेला करकंडचरिउ हा अपभ्रंश ग्रंथ १९३४ सालीं कारंज्याहूनच प्रसिद्ध झाला. वाशीमास १९३९ सालीं उपलब्ध झालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटानें वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेवर प्रकाश पडला. अशा साधनांचे दोन मोठे शत्रु म्हणजे ओल व आग. दोघांचाही आरंभ डोळ्यांस न दिसणारा असतो. त्यांस वेळींच हुडकण्याचें साधन म्हणून अवरक्त उष्माचित्रक यंत्राकडे पाहिलें जातें. यास्तव त्याचा पूर्वेतिहास, उपयोग व मर्यादा यांचा येथें विचार करूं.

न्यायवैशेषिक ग्रंथांत तेजाचे भेद सांगतांना, तापलेल्या पाण्यांतील तेजाचा स्पर्श उद्भूत पण रूप अनुद्भूत, असें मानिलें आहे. ऊन लागतें, पण उजेड दिसत नाहीं, हा अनुभव तेथें नेमका टिपला आहे. मात्र यावरून प्राचीनांस हें यंत्र ठाऊक होतें असें अनुमान काढणें म्हणजे प्रमाणाची पायमल्ली होय. त्यांनीं भेद ओळखिला. मापन पुढें झालें.

इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल यांनीं सूर्यप्रकाश लोलकांतून नेऊन निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेविले. तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसेना, तेथें पारा अधिक चढला. तेच अवरक्त किरण. १८०४ सालीं जॉन लेस्ली यांनीं कढत पाण्यानें भरलेल्या धातूच्या चौकोनी पात्रावरून दाखविलें कीं, उष्णता तीच असतांही काळी बाजू पुष्कळ किरण टाकते व घासून चकचकीत केलेली बाजू फारच थोडे. १८४० सालीं हर्शेलपुत्र जॉन यांनीं काजळी धरलेल्या कागदावर मद्यार्क लाविला. जेथें उष्णता पडली तेथें तो लवकर उडाला व उष्णतेचें चित्र उमटलें. १८८० च्या सुमारास लँग्ले यांनीं, तापल्यानें धातूच्या पातळ पट्टीचा विद्युद्विरोध बदलतो, या तत्त्वावर बोलोमीटर रचिला. आजच्या हातांत मावणाऱ्या यंत्रांत याच तत्त्वाचे सहस्रावधि सूक्ष्म घटक ओळीनें मांडलेले असतात.

साधारण घराइतक्या उष्ण वस्तूचे किरण सुमारें १० मायक्रोमीटर लांबीच्या तरंगांत सर्वाधिक असतात. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. दृश्य प्रकाश ०.४ ते ०.७ च्या दरम्यान संपतो. यंत्र प्रत्येक बिंदूपासून येणारे किरण मोजून तापमानाचा अंदाज करतें व त्यास कृत्रिम रंग देतें. चित्रांतील तांबडें-निळें हें वस्तूचें रूप नव्हे, ती केवळ संज्ञा होय.

यांतूनच मर्यादा निघतात. यंत्र पृष्ठभागच वाचतें. भिंतीच्या आरपार पाहत नाहीं. कांचेच्या कपाटापुढें धरल्यास तें कांचेचेंच तापमान सांगतें, कारण साधी कांच हे किरण जाऊं देत नाहीं. घासून लखलखीत केलेल्या ताम्रपटापुढें तर तें फसतेंच: असें तांबें स्वतः फार थोडे किरण टाकून भोंवतालचे, पाहणाऱ्याच्या देहाचेसुद्धां, परतवितें. लेस्लीचें पात्र येथें आठवावें.

उपयोग दोन ठिकाणीं खरा. ओल्या भिंतींतून पाणी उडतांना ती थंडावते, म्हणून डाग दिसूं लागण्यापूर्वींही ओलीचा पट्टा चित्रांत वेगळा उठतो. पण सावली, वाऱ्याचा झोत किंवा भिंतींतील जाड दगड हींही तसाच पट्टा दाखवितात. सबब आर्द्रतामापकानें खात्री केल्यावांचून निर्णय देऊं नये. दुसरें विजेचें काम. सैल जोडापाशीं विरोध वाढून तो तापतो, व प्रवाह दुप्पट झाल्यास ही उष्णता चौपट होते. म्हणून ही तपासणी दिवे-पंखे चालू असतांना, जाणत्या कारागिराकडून करवावी. २१ जून १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २१ जून २०१२ रोजीं, मुंबईच्या मंत्रालयास आग लागून सरकारी कागदपत्र जळाले. कागदाचें मरण ही जुनी गोष्ट नव्हे.

पुसट अक्षरें वाचण्याचें काम मात्र या यंत्राचें नाहीं. तें दृश्य प्रकाशाला लागूनच असलेल्या आंखूड अवरक्त तरंगांनीं, बाहेरून प्रकाश टाकून होतें. मृत समुद्राकांठच्या गुंडाळ्यांचीं अवरक्त छायाचित्रें याच रीतीनें घेतलीं गेलीं. काजळाची शाई हे किरण शोषून मळक्या पानावरही काळी उठते. लोहयुक्त शाई उलट फिकी पडूं शकते. दोन्ही रीतींस ‘अवरक्त’ हें एकच नांव असल्यानें घोटाळा होतो, व संग्राहकाचा पैसा भलत्या यंत्रावर जातो.

एका प्रतीवरून पाठ ठरवूं नये, हा आपल्या शास्त्राचा दंडक आहे. उष्माचित्रही एक प्रतच समजावी. तिच्यावर तारीख, वेळ, हवेचें तापमान व भिंतीची दिशा नोंदवून, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यांत घेतलेलीं चित्रें ताडून पाहावीं. पोथीचा पाठ शोधणाऱ्यानें पोथी ज्या भिंतीशीं टेकली आहे तिचाही पाठ शोधला पाहिजे. भिंत खचली तर शोधावयास पाठ उरणार नाहीं.