खालाबाय हजला गेली तेव्हा

आजीच्या काळात आमच्या राई गावची माणसं मुंबईला जायची ती मालाच्या पाट्या घेऊन, नाहीतर कुणी इस्पितळात पडलेलं असलं तर. मक्केला जाणारं माणूस आजीनं जवळून पाहिलं ते एकच, आणि ती खालाबाय. सगळे तिला खाला म्हणत. मागचं ‘बाय’ आमच्या आगरी तोंडानं जोडलेलं.

खालाबाय राईची नव्हे. भाईंदर गावात, खाडीच्या अंगाला तिचं कौलारू घर होतं. माहेर भिवंडीचं, कोकणी मुसलमानांचं. नवरा मिठाच्या गलबतावर तांडेल. आजी डोक्यावर पाटी घेऊन राईहून निघायची, मुर्धा मागे टाकायची आणि बाजारात शिरण्याआधी खालाबायच्या ओट्यावर पाटी उतरवायची. पाटीत हंगामाप्रमाणे वालाच्या शेंगा, वांगी, सुकट. ओट्यावर माठातलं पाणी, चार गोष्टी, कधी तांदळाची भाकरी. खालाबायची कोकणी बोली आणि आजीची आगरी एकमेकींना सहज कळायच्या, असं आई सांगते. मी खालाबायला पाहिलेलं नाही. जे आहे ते आजीचं ऐकलेलं आणि आईचं पाहिलेलं. दोघींच्या सांगण्यात फरक पडतो तिथं मी दोन्ही ठेवलं आहे.

वर्ष मात्र नक्की आहे. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी वारले, त्यानंतरच्या मिठाच्या हंगामातली ही गोष्ट. त्या वर्षी हज मार्चअखेर आलं होतं. आगरात मिठाच्या राशी उभ्या होत्या, आणि एका दुपारी खालाबाय स्वतः चालत राईला आली. एरवी आजीच तिच्याकडे जायची, त्यामुळे घरात धावपळ झाली. खालाबाय पाणीही न पिता म्हणाली, ‘‘बाय, माजं कायतरी चुकलंमाकलं असंल तर माफ कर. आनि तुजी सुकट राहिलीय माज्याकडं, तिचं पैसं घे.’’ हजला जाणाऱ्यानं देणं फेडायचं, दुखावलेल्यांची माफी मागायची आणि मगच उंबरा ओलांडायचा, ही रीत. काही आण्यांची ती सुकट. आजी पैसे घेईना, खालाबाय परत नेईना. शेवटी आजीनं ते घेतले, कारण न घेतले तर हिच्या यात्रेत खोट राहील असं तिला वाटलं. पंढरीला निघालेल्या माणसाची उसनवारी कुणी ठेवून घेतं का, असं आजी म्हणायची.

तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ जाणार होता. दोघा नवराबायकोच्या तिकिटाइतके पैसे नव्हते आणि हंगामात तांडेल गलबत सोडून जाणार कसा? खालाबायनं स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या विकल्या होत्या. हातात उरल्या त्या हिरव्या काचेच्या बांगड्या.

पुढच्या आठवड्यात आजी तिच्या घरी गेली, आई शेपटासारखी मागे. आई तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. माजघरात पांढऱ्या कापडाचा तागा उलगडलेला आणि खालाबाय कुडता बेतत बसलेली. आजीच्या पोटात धस्स झालं. आमच्याकडे पांढरं लुगडं नेसायची ती कपाळ मोकळं झालेली बाई. त्यात हातात सोनं नाही. ‘‘खालाबाय, नवरा धडधाकट हाय ना तुजा? मंग पांढरं कनाला?’’ हे वाक्य आमच्या घरात अजून म्हटलं जातं.

खालाबायनं तिला समजावलं ते असं. हजच्या आधी इहराम बांधायचा, म्हणजे नीयत करून काही गोष्टी स्वतःवर बंद करून घ्यायच्या. पुरुषाला तेव्हा शिवलेलं कापड चालत नाही. दोन पांढऱ्या चादरी, एक कमरेला, एक खांद्यावर, डोकं उघडं. राजा असो की हमाल. बाईला मात्र असा गणवेशच नाही. तिनं आपले नेहमीचे शिवलेले, अंगभर, सैल कपडे घालायचे. रंग कुठलाही चालतो, पायात मोजे चालतात, बांगड्या चालतात. पांढरं घालायचं ते केवळ आपल्याकडच्या बायकांची आवड म्हणून. आजीनं मग कपाळाला हात लावून घेतला आणि बांगड्या काढू नको एवढं बजावलं.

कुडत्यांशिवाय एक रुमाल शिवायचा होता. मोठा, तिकोनी, कपाळावर घट्ट बसणारा आणि हनुवटीखाली बांधायचा, म्हणजे केस दिसणार नाहीत आणि गळणारही नाहीत. त्या रुमालाची एक कड आजीनं हातानं दुमडून घातली. टाके मोठे पडले म्हणून खालाबायनं उसवले नाहीत, हे आई आवर्जून सांगते. पुष्कळ बायका त्या रुमालालाच इहराम समजतात आणि वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतानाही सोडत नाहीत. ते चूक. वुजूत ओला हात केसांवरून फिरायला हवा, कापडावरून नव्हे, त्यासाठी रुमाल सरकवावाच लागतो. खालाबायला हे भिवंडीच्या कुणी जाणत्या बाईनं शिकवलं होतं आणि तिनं ते आईलाही करून दाखवलं.

आजीला सगळ्यात नवल वाटलं ते तोंडाचं. खालाबाय बाजारात निघाली की काळा बुरखा घ्यायची, तोंडावरची जाळी खाली. आणि आता ती सांगत होती की इहरामात बाईनं चेहऱ्याला लागून नकाब घ्यायचा नाही, हातमोजेही घालायचे नाहीत. जिथं लाखो परके पुरुष, तिथंच तोंड उघडं! या अटीतून बायकांनी किती वाटा काढल्या असतील. १८५३ मध्ये वेश पालटून मक्केला गेलेल्या रिचर्ड बर्टननं खजुरीच्या पानांचे विणलेले मुखवटे घातलेल्या बायका पाहिल्याचं लिहिलं आहे. आपल्याकडच्या काहीजणी पुढे छज्जा असलेली टोपी घालून तिच्यावरून जाळी सोडतात, कापड गालाला टेकू नये म्हणून. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्याकडून आलेली एक आठवण आहे, की समोरून स्वार आले की त्या डोक्यावरचा पदर पुढे ओढत आणि ते गेले की पुन्हा चेहरा उघडा करीत. खालाबायनं काय केलं? आजी म्हणायची, पंखा धरला. आई म्हणते, काहीच धरलं नाही, उघड्या तोंडानं हिंडली आणि परत आल्यावर तेच हरखून सांगत होती. मला आईचं खरं वाटावंसं वाटतं.

निघायच्या आधी तिनं हातांना मेंदी लावली. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. शाफई मतात इहरामापूर्वी बाईनं हात मेंदीनं रंगवणं चांगलं मानतात. एकदा इहराम लागला की मग अत्तर नाही, वासाचं तेल नाही, साबणही बिनवासाचा. नख कापायचं नाही, केस तोडायचा नाही, शिकार नाही, भांडण नाही, नवराबायकोचा संग नाही. केस गळेल या धास्तीनं खालाबायनं दोन घट्ट वेण्या घातल्या आणि फणी पेटीच्या तळाशी टाकली. आजीनं तिला बोट लागू नये म्हणून आवळकाठी दिली, राईच्या मिठात घोळवलेली.

यात्रेकरूंचा मुक्काम क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात. हा साबू सिद्दीक अगदी तरुणपणी, १९०८ मध्ये वारला, पण त्याच्या पैशावर किती पिढ्या तिथं पथारी पसरून गेल्या. आजी आणि आई तिथवर पोचवायला गेल्या. आईला आठवतात त्या व्हरांड्यातल्या वळकट्या, स्टोव्हचा वास, देवी-पटकीच्या सुया टोचून दंड चोळत बसलेल्या म्हाताऱ्या आणि वेगळ्याच नोटा. त्या हजच्या नोटा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक यात्रेकरूंसाठी दहाच्या आणि शंभराच्या खास नोटा काढत असे. खालाबायच्या भावानं त्यातली एक आईला हातात धरू दिली होती.

बोटीचं नाव आजी ‘अकबर’ सांगायची. मुघल लाइन या बोट कंपनीची ती प्रसिद्ध ‘अकबर’ काही वर्षांनी आली, तेव्हा खालाबायची बोट ‘मोहम्मदी’ किंवा ‘मुझफ्फरी’ असावी. बायकांचं हे समुद्र ओलांडणं तसं जुनं. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून घरातल्या बायकांना घेऊन गेली आणि काही वर्षं तिकडेच राहिली. भोपाळची सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये मुंबईहूनच गेली आणि तिनं प्रवास लिहून ठेवला. पण त्या राण्या. तांडेलाची बायको पाटल्या विकून खालच्या डेकवर वळकटी टाकते, तिचं कोण लिहिणार?

बोट येमेनच्या अंगाला यलमलमच्या समोर आली की भोंगा व्हायचा. तो ऐकून सगळे अंघोळी करून इहरामात शिरायचे. पुरुष मोठ्यानं ‘लब्बैक’ म्हणायचे, बायकांनी आपल्यापुरतं, हलक्या आवाजात. ‘‘डेकवर सगळं पांढरं, आपल्या आगरात मीठ पडतं तसं,’’ असं खालाबायनं आजीला सांगितलं.

एक गोष्ट आजीनं आईला फार उशिरा, आईचं लग्न ठरल्यावर सांगितली. मक्केला पोचताच खालाबायची पाळी आली. ती रडत बसली, एवढं करून आलो आणि आता सगळं हुकलं. तेव्हा बरोबरच्या एका वयस्क बाईनं तिला आयेशांचीच गोष्ट ऐकवली. त्यांनाही हजच्या वाटेवर असंच झालं, त्याही रडल्या, आणि पैगंबरांनी त्यांना समजावलं की हे आदमच्या सगळ्या लेकींच्या वाट्याला आलेलं आहे, तवाफ, म्हणजे काबेभोवतीची प्रदक्षिणा, तेवढी पाक झाल्यावर कर, बाकी सारं इतरांसारखंच कर. म्हणजे मिनाचा तळ, अरफातच्या मैदानात दुपार ढळल्यापासूनची दुआ, मुजदलिफाच्या उघड्यावरची रात्र, यातलं काही सुटत नाही. आजी ऐकतच राहिली. आमच्या घरी तेव्हा बाई चार दिवस कोपऱ्यात बसायची आणि लोणच्याच्या बरणीकडेही बघायची नाही. आजीनं घरची रीत लगेच बदलली असं नाही. पण पुढे माझ्या आईला कोपऱ्यात बसवणं तिनं सोडलं, हे खरं.

सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात खेपा खालाबाय सर्वांत रंगवून सांगायची म्हणे. इब्राहिमची बायको हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत त्या माळावर धावली, तिच्या धावण्याची ही आठवण. मधल्या एका टप्प्यात पुरुष पळत जातात. बायकांनी मात्र नेहमीच्या चालीनं चालायचं. मला यात काहीतरी फार मोठं दडलेलं वाटतं. पाण्यासाठी वणवण केलेल्या एका आईच्या पावलांवर जगातले सगळे हाजी चालतात, राजे आणि मौलवीसुद्धा. बायकांना पळायला लावत नाहीत, कारण त्यांच्या वाट्याचं ती आधीच पळून गेली, असं आजी म्हणायची. हे आजीचं शास्त्र, कुठल्या किताबात शोधू नये.

शेवटी केस. पुरुष डोकं भादरतात, बाईनं मात्र वेणीच्या टोकाचे बोटाच्या पेराएवढे कापायचे. खालाबायचे तिच्या भावानं कापले. मग इहराम सुटला.

ती परतली तेव्हा आंबे उतरत होते. हाजियानी म्हणून भाईंदरात तिला मान मिळू लागला. आजीसाठी तिनं खजूर आणि पत्र्याच्या डबीतून मक्केच्या जमजम विहिरीचं पाणी आणलं. आजी ते घोटभर प्यायली आणि उरलेलं तिनं तुळशीत घातलं. स्वतःसाठी खालाबायनं जमजममध्ये बुडवून वाळवलेलं कफनाचं कापड आणलं होतं आणि तेही आजीला उलगडून दाखवलं, नव्या लुगड्याची घडी दाखवावी तशा सहजतेनं.

बोटीनं हजला जाणं १९९५ नंतर थांबलं. मिठागरंही आक्रसली. मीरा रोडच्या बाजूला मुसलमान वस्ती मोठी झाली आणि आता आईच्या इमारतीतच एक निवृत्त शिक्षिका राहतात, रत्नागिरीकडच्या कोकणी. यजमान गेले, मुलगा नाही. भाऊही थकलेला. पूर्वी हज समितीकडून मेहरमशिवाय, म्हणजे नवऱ्यावाचून किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकावाचून त्यांना जाता आलं नसतं. २०१८ पासून ४५ वर्षांवरच्या बायकांना किमान चौघींच्या गटानं जाता येऊ लागलं. शाफई मतात विश्वासू बायकांच्या सोबतीनं फर्ज, म्हणजे बंधनकारक हज करायला पहिल्यापासून मुभा आहे, हे त्या अभिमानानं सांगतात. मैत्रिणी जमल्या आहेत, चौघीही शाफई. त्यांना काळजी एकच. शाफईंमध्ये परपुरुषाच्या अंगाला अंग लागलं की वुजू तुटतो, आणि तवाफच्या गर्दीत ते टळणार कसं? त्यावर जाणत्यांनी हनफी मतानं चालायची सवलत सांगितली आहे, तरी त्या पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतात.

परवा त्या आईकडे बसून यादी करत होत्या. बिनवासाचा साबण, छोटी कातर, मोजे, दोन रुमाल. आई म्हणाली, वुजूच्या वेळी रुमाल सरकवायला विसरू नका हं, कापडावरून हात फिरवून चालत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुम्हाला हो कसं ठाऊक, ताई?’’ आईनं मग खालाबाय पहिल्यापासून सांगायला घेतली, सुकटीच्या पैशांपासून. गोष्ट गलबतावरून मुसाफिरखान्यात पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दोन रुमाल पुरायचे नाहीत, मिनात धुवायला पाणी कुठं मिळणार, असं म्हणत आईनं तिसरा शिवून द्यायचं कबूल केलं आणि बाईंच्या कपाळाचं माप घ्यायला शिलाईच्या डब्यात टेप शोधू लागली.