‘सोड’पासून ‘सुई तरी नवी घे’पर्यंत

आमच्या चुडाव्याकडे सुई म्हटलं की दवाखान्यातली सुई. ताप आला, सुई टोचून आलो, विषय संपला. नशेसाठी सुई टोचणाऱ्या माणसाला आरोग्याचा सल्ला कसा दिला गेला, हा इतिहास शोधायचा तर मुंबई-पुण्याकडे जावं लागतं.

१९८०च्या दशकात मुंबईत ‘गर्द’, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. पुष्कळ जण ती पन्नीवर तापवून धूर ओढायचे. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला आणि त्याच्या कलम २७ नं सेवन हाच गुन्हा ठरवला. पुढच्याच वर्षी डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला देणगी दिली. तिथल्या समुपदेशनाचं ध्येय सरळ होतं: नशा पूर्ण सोडायची. पण ज्याला आज सोडणं जमत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

एचआयव्ही आल्यावर हा प्रश्न टाळता येईना. अॅमस्टरडॅममध्ये १९८४ पासूनच जुनी सुई घेऊन नवी देत होते, तेही आधी काविळीच्या (हेपेटायटिस बी) भीतीनं. आपल्याकडे धक्का बसला तो मणिपूरमुळे. १९९०च्या आसपास तिथे सुई टोचणाऱ्यांत एचआयव्ही झपाट्यानं पसरला. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेली ‘संकल्प’ ही संस्था रस्त्यावरच्या व्यसनींमध्ये काम करू लागली.

या कामात सल्ल्याची भाषाच बदलते. सुई दुसऱ्याची वापरू नको. नुसती सुईच नाही, पावडर विरघळवायचा चमचा, पाणी, कापूसही वेगळा ठेव, कारण हेपेटायटिस सी त्यातूनही पसरू शकतो. टोचल्या जागी गळू झालं तर दाखव. तपासणी करून घे. आणि सोडावंसं वाटलं तर सांग, पुढची सोय करू. मला हे ‘सोड’च्या विरोधातलं वाटत नाही, सोडायला माणूस आधी जिवंत तर पाहिजे!

अडचण कायद्याची होती. सेवन गुन्हा, मग सुई देणारा कोण? २००७ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सरकारनं सुईवाटप आणि तोंडाने घ्यायचं पर्यायी औषध दोन्ही हाती घेतलं, तरी एनडीपीएस तसाच राहिला. उत्तर आलं २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात. त्याचं कलम २२ जरूर वाचा, त्यातली उदाहरणं तर नक्कीच. जुनी सुई घेऊन नवी देणाऱ्या कार्यकर्त्याचं उदाहरण कायद्यातच छापलंय. देणारा-घेणारा दोघंही या देवाणघेवाणीसाठी दोषी नाहीत.

कायद्यात इतकं बारीक उदाहरण उगाच येत नाही. ते वाचताना मला रस्त्यावर पिशवीत सुया घेऊन उभा असलेला, पोलिसांची गाडी दिसताच दचकणारा कार्यकर्ता दिसतो. हे कलम २०१८ च्या सप्टेंबरात लागू झालं. एनडीपीएसचं कलम २७ अजून जागेवर आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आणि मग ‘संकल्प’सारख्या संस्थांच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखतींचे प्रश्न काढायला बसा.